वजनकाट्यापाशी

ता. ४ जून

ती. अक्कास,

शि. सा. न. पुढचे वि. वि. मुद्दाम गाळले आहे. आज मला विनंती करायची नाही, आणि विशेष म्हणावं असं तुझ्यात काही उरलेलं नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटायचं कारण नाही. घरातलं भांडण कागदावर करायचं, हा अण्णांचा नियम. आपण वर राहायचो, खाली औषधांचं दुकान. वर कुणाचा आवाज चढला की खालची गिऱ्हाइकं माना वर करून ऐकायची. मी अजून तो नियम पाळतो. तू मात्र माईक हातात घेतलास.

गेल्या आठवड्यात इथल्या कॉलेजात येऊन तू जे भाषण दिलंस, त्याबद्दल हे पत्र आहे. तुझ्या इस्पितळातल्या त्या विभागात तू कुणाला काय सांगतेस, यात मी कधी नाक खुपसलं नाही. बहीण काय करते असं कुणी विचारलं, तर समुपदेशक आहे एवढंच सांगतो, कशाची ते सांगत नाही. पण माझ्याच गावात, मिसरूड फुटलेल्या पोरांसमोर आणि पोरींसमोर, तू भिंतीवर चित्रं दाखवून त्या रोगांची एकेक करून नावं घेतलीस. आणि त्यावर कळस म्हणजे शेवटी सांगितलंस, की कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान माझ्या भावाचंच आहे, काही विचारायचं असेल तर न लाजता तिथं जा.

आले ना, न लाजता आले. दुसऱ्याच दिवशी तीन टगे दुकानात शिरले. निवृत्त पोस्टमास्तर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभे होते. त्यांच्या देखत एकानं खणखणीत आवाजात विचारलं, की कंडोमचं पाकीट केवढ्याला आणि गुप्तरोगाची तपासणी इथं कुठं होते. पोस्टमास्तरांचा रक्तदाब तिथल्या तिथं मोजायला हवा होता. मी तिघांनाही हाकललं. त्यातल्या एकाच्या बापाला मी ओळखतो, त्याला फोनही केला. पुढं काय झालं ते ठाऊक नाही, पण ते पोरगं पुन्हा या रस्त्याला दिसलेलं नाही. या दुकानाला एक आब आहे. अडचणीतला माणूस इथं येतो, कारण इथं त्याला कुणी काही विचारत नाही. तो आब तू एका दुपारीत धुळीला मिळवलास.

तुझं भाषण ऐकायला आमची चिंगीही होती. तेव्हापासून पोरीचं चित्त ठिकाणावर नाही. जेवता जेवता उठते, आईवर खेकसते. तीन दिवसांपूर्वी भर दुपारी दुकानात आली आणि वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली. उतरेचना. गिऱ्हाइकं गेली तरी उभीच. शेवटी मी म्हटलं, काडीपैलवान, तुझ्यानं तो काटा हलायचा नाही, उतर आता. एरवी अशा चेष्टेवर भांडली असती, या वेळी मुकाट्यानं वर निघून गेली. नंतर हिनं सांगितलं की पोरीला उन्हाळी लागली आहे, लघवीला जळजळतं. मग खालच्या खणातल्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत थांबलं. म्हणजे विष तू पेरायचं आणि औषध मी द्यायचं.

सुट्टीत चिंगी तुझ्याकडे येणार नाही. तूही इकडे येऊ नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचा प्रघात आहे. तुझा लोभ फार झाला, आता जरा आवरता घे.

तुझा भाऊ

*

ता. ११ जून

चि. बाळ यास,

अ. उ. आशीर्वाद. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला बाळ म्हणू नये हे मला समजतं, पण तुझं पत्र वाचल्यावर दुसरं काही शोभेल असं वाटेना.

होय, नावं घेतली. परमा म्हटलं, उपदंश म्हटलं, क्लॅमिडिया म्हटलं. नाव घेतल्यानं रोग लागत असता तर मी केव्हाच मेले असते. ज्या वयात धोका असतो त्या वयात नाही सांगायचं, तर काय साठीच्या सत्काराला सांगायचं? तुमच्या गावची मुलं आधी फिदीफिदी हसली, मग हळूहळू गप्प झाली, आणि नंतर त्यांनी जे प्रश्न विचारले ते ऐकून मलाच घाम फुटला. एकीला खात्री होती की पहिल्या वेळी काही लागत नाही. एकाचं म्हणणं होतं की लगेच आंघोळ केली की धुऊन जातं. दिसायला स्वच्छ असलेल्या माणसाला असे रोग नसतात, यावर तर सगळ्यांचं एकमत होतं. अशा मुलांपैकी तिघं आपल्या पायांनी तुझ्या दारात आली. हाताला धरून आणली असती तरी यायची नाहीत, अशी मुलं. आणि तू त्यांच्या बापाला फोन केलास. शाबास रे माझ्या वाघा.

आता तुझा तो आब. अण्णांनी दुकानाच्या दाराशी वजनकाटा ठेवला. ज्याला सांगता येत नाही असं दुखणं झालंय, त्यानं येऊन काट्यावर उभं राहायचं. वजन बघायचं नाही, नुसतं उभं राहायचं. दुकान रिकामं झालं की अण्णा खालच्या खणातून उरल्यासुरल्या गोळ्या काढायचे, तपकिरी कागदात पुडी बांधायचे आणि न बोलता त्याच्या हातावर ठेवायचे. तपासणी नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, चार शब्द नाहीत. तू तेच पुढं चालवलंस. गावाला ही रीत ठाऊक आहे, आणि गाव तुला सज्जन म्हणतं.

तुझ्या पुडीनं जळजळ थांबते आणि माणसाला वाटतं सुटलो. रोग आत तसाच असतो. तो घरी जाऊन बायकोला देतो. मग एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसते, आणि कसली औषधं घेतली असं विचारलं की पिशवीतून तपकिरी कागद काढते. तो कागद मी लांबूनही ओळखते, माझ्या शाळेच्या वह्यांना त्याचीच कव्हरं असायची. चोरून येणाऱ्याला पुडी आणि उघड विचारणाऱ्याला दार, हा कुठला आब, ते मला एकदा समजावून सांग.

चिंगीची उन्हाळी थांबली असली तरी लघवी तपासून घे. खणातल्या गोळ्या निदान घरच्या माणसांना तरी खायला घालू नकोस. सुट्टीत तिचं येणं तू रद्द केलंस, मी केलेलं नाही. मागची खोली झाडून ठेवली आहे.

लोभ आवरता घ्यायला ते दुकानाचं शटर नव्हे. तुला नको असला तरी आहे तेवढा राहील.

तुझी अक्का

*

ता. २ जुलै

ती. आत्यास,

सा. न. मला तुझा फार राग आलाय. ते आधी लिहिते, नाहीतर मायना वाचून तुला वाटेल की इकडे सगळं ठीक आहे.

घरातून फोन करता येत नाही. भिंतींना कान असतात आणि आईला त्याहून दोन जास्त. म्हणून पत्र. आपल्या घराण्याची रीतच आहे म्हणे.

माझ्या एका मैत्रिणीला असं असं होतंय, असं लिहून मी दोन कागद फाडले. तू दिवसभर मैत्रिणींच्याच गोष्टी ऐकत असशील. मैत्रीण कुणी नाही. मीच आहे.

तुझ्या भाषणाच्या आधीपासूनच मला जळजळ होत होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तू भिंतीवर एकेक लक्षण दाखवत होतीस आणि मी मनात हो, हो म्हणत होते. तेवढ्यात तुझं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तू हसलीस, भाची दिसली म्हणून. मीही हसले. नंतर बाबांनी उन्हाळी म्हणून गोळ्या दिल्या आणि ते थांबलं. मला वाटलं, सुटले. आता ओटीपोटात दुखतं, चालताना जास्त दुखतं. संध्याकाळी अंग तापतं. अंगावरून जातं आणि त्याला वास येतो. हे शेवटचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

आता रागाचं. तू सगळ्यांना सांगितलंस, कोपऱ्यावरच्या दुकानात जा. आत्या, मी त्या दुकानाच्या वर राहते. एवढंही तुझ्या डोक्यात आलं नाही? गावात दोन डॉक्टर आहेत आणि दोघांच्याही चिठ्ठ्या शेवटी बाबांच्या काउंटरवर येतात. कुणाला काय झालंय ते त्याच्या बायकोच्या आधी बाबांना कळतं. मी कुठल्या डॉक्टरकडे जाऊ? तुला बाबांना चिमटा काढायचा होता, तो तू काढलास. टाळ्या घेतल्यास आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या तीन मुलांना हाकललं तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्यांच्यातला एक रडवेला झाला होता. तुम्ही दोघं भांडता आणि मार आम्हाला बसतो.

तो माझ्याच वर्गातला आहे. भाषणाच्या वेळी शेवटच्या रांगेत बसून हसत होता. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, मला काहीच होत नाहीये, म्हणजे तुझंच काहीतरी असणार. कित्येकांना काही लक्षणच दिसत नाही आणि तरी रोग असतो, असं तू सांगितलं होतंस ना? ते त्यानं ऐकलंच नाही. आता मी त्याच्याशी बोलत नाही. पण त्यालाही तपासायला हवं, नाहीतर तो पुढं आणखी कुणाला देईल.

बाबांना सांगू नकोस. सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. शनिवारी कॉलेज सुटलं की मी फाटकापाशी थांबेन. यायचं असेल तर ये. आणि आलीस तर भाषण करू नकोस.

लोभाचं नंतर बघू.

चिंगी

*

ता. १३ जुलै

अक्का,

मायना आणि नमस्कार दोन्ही गाळतो आहे. जी बाई कॉलेजच्या फाटकातून माझी मुलगी परस्पर घेऊन जाते आणि मग फोन करून सांगते की तिला दाखल केलं आहे, तिला नमस्कार करायची माझी तयारी नाही.

फोनवर तू म्हणालीस की पोटात सूज आहे. सूज कशानं आली विचारलं तर म्हणालीस, ते तिलाच विचार. माझ्या मुलीला काय झालंय ते मला सांगायला तुझी जीभ झडते, आणि परक्यांच्या पोरांना सांगताना तुला माईक लागतो.

मी आलो होतो. तुला ठाऊक नसेल, पण गुरुवारी आलो होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तुझं नाव ऐकून थेट तुझ्या खोलीकडे पाठवलं. तिथं तो बोर्ड, हातभर अक्षरांत, त्वचा व गुप्तरोग विभाग. बोर्डाखालच्या बाकावर आमच्या गल्लीतला शिंपी बसला होता. त्याला मी मागेच पुडी दिली होती, मला वाटलं बरा झाला असेल. त्यानं मला पाहिलं, अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला. मला कुठून त्या जागी आलो असं झालं. त्यानं काय समजायचं? उद्या तो माझा सदरा शिवताना कुणाला काय सांगेल? माझा पायच पुढं पडेना. मी परत फिरलो. लाज वाटली, आणि ती तुझ्यामुळे वाटली.

इथं सगळ्यांना मी अपेंडिक्स सांगितलं आहे. तेच राहू दे. तिची आई रात्रंदिवस रडते आहे, तिलाही तेच सांगितलं आहे. तू यात बदल करू नकोस.

आणि मला काही कळत नाही असं समजू नकोस. कुणी पोरगा असेल तर त्याचं नाव कळव, तंगडं मोडून हातात देतो. तुझ्या त्या भिंतीवरच्या चित्रांतलं काही असेल तर मला सांगू नकोस. नसेल तर लगेच सांग.

लोभ वगैरे शब्द आता माझ्या दुकानात मिळत नाहीत.

तुझा भाऊ

*

ता. १९ जुलै

चि. बाळ यास,

आशीर्वाद. अनेक उत्तम वगैरे सध्या माझ्याकडेही शिल्लक नाहीत.

असेल तर सांगू नकोस, नसेल तर लगेच सांग, असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं सगळं दुकान त्या एका वाक्यात आहे.

मी तुला सांगणार नाही, पण तू म्हणतोस म्हणून नव्हे. चिंगीला अठरा पूर्ण झाली आहेत. तिचं दुखणं तिचं आहे, कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. तिनं जेवढी परवानगी दिली तेवढंच लिहिते. ताप उतरला आहे. पोटातली सूज कमी होते आहे. औषध पूर्ण घ्यायचं आहे, आणि ती ते घेते आहे. खालच्या खणातल्या गोळ्यांनी दुखणं नुसतं दबलं होतं, त्यामुळे ते वर चढेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं मूल होताना तिला अडचण येईल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला तसं स्पष्ट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि तशीच मला म्हणाली की वाचायला काहीतरी आणून दे.

तू लाजेचं लिहिलंस. शिंप्यानं तुला पाहिलं म्हणून तू परत फिरलास. तुझी पुडी घेऊनही तो माणूस माझ्या बाकावर का येऊन बसला, एवढं तरी त्याला विचारायचं होतंस.

आता एक सांगते, ते वाचून हवं तर पत्र फाड. चिंगीच्या वॉर्डची खिडकी फाटकावर उघडते. गुरुवारी तिनं तुला आत येताना पाहिलं. मला म्हणाली, बाबा आले, आता वर येतील. उठून बसली, केस सारखे केले, माझ्याकडून तोंड पुसायला ओला रुमाल मागून घेतला. मग तू त्याच फाटकातून बाहेर जाताना तिला दिसलास. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते, पण तिनं मला बोलूच दिलं नाही. तू लाज माझ्यामुळे वाटली असं म्हणतोस. तुझी लाज तुझ्याजवळ ठेव, तिची किंमत त्या पोरीनं भरली आहे.

तिनं तुला पत्र लिहिलं आहे, ते सोबत आहे. मी ते वाचलेलं नाही. त्या पोराचं नाव मी सांगणार नाही, तीही सांगणार नाही.

अपेंडिक्सचं तू तुझ्या गावाला सांग. वहिनीला मी काही खोटं सांगणार नाही, तिनं विचारलं तर.

तुझ्यावर राग आहे, आणि राग परक्यावर येत नाही, एवढंच समजून घे.

अक्का

*

सोबतचं पत्र

ती. बाबांस,

सा. न. मला अपेंडिक्स झालेलं नाही.

मला जे झालं त्याचं नाव क्लॅमिडिया. आत्याच्या भाषणात ते भिंतीवर होतं. तुम्ही औषधांच्या माहितीपत्रकांत ते कितीदा वाचलं असेल. ज्याच्यामुळे झालं त्यालाही तपासून औषध दिलं. तो माझ्याकडे न बघता आला आणि न बघता गेला. त्याचं नाव विचारू नका. तुम्ही त्याच्या वडिलांना फोन कराल, आणि मग तो आणि त्याच्यासारखे आणखी दहा जण परत कुठं तपासायला जाणार नाहीत.

तुम्ही रागावाल हे मला माहीत होतं. त्याला मी तयार होते. तुम्ही फाटकातून परत जाल हे माहीत नव्हतं.

एक विचारायचं आहे. जूनमध्ये मी भर दुपारी दुकानात आले होते, आठवतं? वजनकाट्यावर उभी राहिले होते. लहानपणी मी काउंटरखाली बसून अभ्यास करायची, तेव्हापासून मला ठाऊक आहे की तिथं कोण उभं राहतं आणि का. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण मुलं बघून शिकतात. कुठून कुठून माणसं यायची, मान खाली घालून उभी राहायची, आणि तुम्ही त्यांना काही न विचारता ओळखायचात. मला तुमचा तेव्हा फार अभिमान वाटायचा. वाटायचं, माझ्या बाबांना न सांगता कळतं.

म्हणून मी तिथं जाऊन उभी राहिले. बोलायचं धैर्य नव्हतं. मला वाटलं, परक्या माणसाचं ज्यांना कळतं त्यांना माझं कळेलच. मी शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हसलात आणि म्हणालात, काडीपैलवान, उतर आता. मी उतरले.

तुम्ही तिथंच पुडी दिली असती तरी मी बरी झाले नसते, नंतर दिलेल्या गोळ्यांनीही झाले नाही, हे आता मला कळतं. मला बहुतेक पुडी नकोच होती. तुम्ही काउंटरच्या बाहेर याल आणि मला काय होतंय ते विचाराल, असं वाटलं होतं. ते तुम्ही कुणालाच विचारत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी सध्या आत्याकडेच राहणार आहे. तुम्ही येऊन मला विचारलंत तर घरी येईन. विचारल्याशिवाय येणार नाही. आईला सांगा की रडू नकोस, आणि माझे दोन जाड सदरे पाठव, इथं पंखा फार जोरात असतो.

लोभ आहे. पण आज राग त्याच्या वर बसला आहे.

चिंगी

*

ता. २ ऑगस्ट

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. आज काही गाळलेलं नाही. तरी माझं तुझ्याशी भांडण मिटलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. कॉलेजात दुकानाचं नाव घेऊन तू जे केलंस ते चुकीचं केलंस, आणि मुलीला परस्पर नेलंस तेही मी विसरणार नाही.

चिंगीचं पत्र वाचलं. वाचून दुकान बंद केलं, आणि वर न जाता तिथंच काउंटरमागे बसून राहिलो. संध्याकाळी ही खाली आली. तिला मी वाचून दाखवलं. मला वाटलं ती कोसळेल. तिनं अपेंडिक्सबद्दल मला एक शब्द सुनावला, तो इथं लिहीत नाही, आणि मग जाऊन जाड सदरे बांधायला घेतले. ते या पत्राबरोबर येतील.

ही म्हणाली, तो काटा आधी भंगारात टाक. मी टाकला नाही. काढला तर माणसं कुठं येऊन उभी राहतील? खालचा खण मात्र रिकामा केला. शिंपी दुकानावरून जातो तेव्हा दुसरीकडे बघतो. मीही दुसरीकडे बघतो. पण परवा मीच त्याला गाठलं आणि औषध पूर्ण घेतोस ना, असं विचारलं. त्यानं मान हलवली. माझ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल दुपारी एक मुलगी दुकानात आली. या भागातली नसावी, खांद्याला पुस्तकांची पिशवी होती. ती काट्यावर उभी राहिली आणि आकड्याकडे बघेना. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सवयीनं माझा हात खालच्या खणाकडे गेला, तो रिकामा होता. मग मी ठरवलं, आता बाहेर जायचं आणि विचारायचं. काउंटरची फळी वर केली, बाहेर आलो, तिच्यासमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या काट्यावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मी समोरून कधी पाहिला नव्हता. चिंगीएवढीच होती. ओठ घट्ट मिटलेले. मी तोंड उघडलं आणि मला एक शब्द सुचेना. काय म्हणायचं असतं? काय होतंय म्हणायचं, का कुठं दुखतंय म्हणायचं, का आधी बस म्हणायचं? शेवटी माझ्या तोंडून निघालं, की वजन किती भरलं. ती खाली उतरली आणि निघून गेली. मी तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेलो, पण हाक काय मारणार, नावही ठाऊक नव्हतं. तुझ्या विभागात कधी अशी मुलगी आली तर तिला सांग, की दुकानदाराला विचारायचं होतं.

अण्णांनी मला औषधं शिकवली, पुडी बांधायला शिकवली, गप्प बसायला शिकवलं. बोलायला शिकवलं नाही. तू रोज हेच करतेस. समोर कुणीतरी येऊन मान खाली घालून बसतं, तेव्हा तुझं पहिलं वाक्य काय असतं? ते जसंच्या तसं लिहून पाठव. मी ते पाठ करीन आणि येत्या रविवारी चिंगीकडे येईन. या वेळी फाटकातून परत जाणार नाही.

लोभ राहो न राहो, उत्तर मात्र शनिवारच्या आत पोचेल असं पाठव.

तुझा
बाळ